वाक्यात उपयोग करा

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न जन्मभर विसरता येत नाही. तो मराठीच्या पेपरात असायचा आणि इंग्रजीच्याही. उत्तराची रीत ठरलेली होती. वाक्प्रचार मधोमध ठेवायचा, त्याच्या अलीकडे राम नाहीतर सीता, पलीकडे परीक्षा, पूर नाहीतर शत्रू, आणि शेवटी पूर्णविराम. मराठीच्या पेपरात राम पहिल्या नंबरासाठी जिवाचं रान करायचा, इंग्रजीच्या पेपरात तोच राम 'लेफ्ट नो स्टोन अनटर्न्ड'. गुण मिळायचे. पण या रामला घर नव्हतं. त्याचं कोणाशी वाकडं नव्हतं, कोणाच्या आठवणीनं त्याचं जेवण जायचं नाही, त्याच्या दारात कधी कोणी पैसे मागायला यायचं नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर आमच्या आधीच्या पिढ्या शिकल्या, रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर आमची. या पुस्तकांचे उपकार मी मानते. वाक्प्रचार आमच्या तोंडी बसले ते त्यांच्यामुळेच. मात्र ते कोणापुढे, कोणत्या वेळी, किती हळू आवाजात म्हणायचे हे पुस्तकाला सांगता येत नाही.

मी विट्यात संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. विटा म्हणजे सांगली जिल्ह्याचा खानापूर तालुका, पावसानं कायम हात आखडता घेतलेला मुलूख. शेतीवर भागेना तेव्हा इथल्या माणसांनी दोन वाटा धरल्या. एक यंत्रमागाची, दुसरी गलाईची. जुनं सोनं-चांदी विकत घेऊन ते आटवायचं, शुद्ध करायचं आणि सराफाला द्यायचं, हा गलाईचा धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातली माणसं त्यासाठी पार केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंत देशभर पांगली आहेत. त्यामुळे आमच्याकडे घर एका गावात आणि घरातली माणसं दुसऱ्या राज्यात, हे नवल राहिलेलं नाही. दिवाळीला, जत्रेला गाव भरतं, मग पुन्हा कुलपं लागतात. माझ्या वर्गात येतात ती याच घरांतली माणसं. मागावर कांड्या भरणारी बाई, दुकानावर इंग्रजी लागतं म्हणून आलेला पोरगा, मुलांच्या शाळेत बोलता यावं म्हणून आलेल्या आया, परदेशी निघालेली एखादी आजी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा तरुणांना अक्षरं आणि नियम ठाऊक असतात. बोलणं मात्र घशाशी अडतं.

या वर्गात माझा एकच नियम आहे. वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करायचा, पण वाक्यात आपलं माणूस हवं. राम चालणार नाही.

हा नियम मी केला तेव्हा माणसं लवकर बोलती होतील एवढाच हेतू होता. पुढे जे दिसलं त्यानं माझी शिकवण्याची दिशाच बदलली. मागावर कांड्या भरणाऱ्या त्या बाईनं वहीत लिहिलं होतं, 'आय वॉक ऑन एगशेल्स इन माय हाऊस.' व्याकरणात चूक नव्हती. मी तिला विचारलं, म्हणजे नेमकं कसं? ती मराठीत सांगू लागली. सासरे घरात असले की भांड्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. पोरगी हसली तर तिच्या तोंडावर हात ठेवायचा. पंख्याचं बटण दाबतानासुद्धा त्यांच्याकडे एकदा बघायचं. सांगताना तिचा आवाज साधा होता, हिशेब सांगावा तसा. मी म्हटलं, हे माहेरी कोणाला ठाऊक आहे का? ती म्हणाली, "आईला सांगितलं तर आई काय म्हणती ते मला पाठ आहे, मॅडम. बाईच्या जातीनं सोसावं."

तिथं माझ्या ध्यानात आलं की आपल्या बोलीतले घराविषयीचे शब्द आधीच कोणीतरी बोलून ठेवलेले असतात. 'सोसावं' म्हटलं की त्यात तिची आई बोलते. 'नाक कापलं' म्हटलं की चुलता बोलतो, 'डोक्यावर मिऱ्या वाटते' म्हटलं की सासू. माणूस स्वतःचं दुःख सांगायला तोंड उघडतो आणि बाहेर दुसऱ्याचाच निकाल पडतो. परका वाक्प्रचार येतो तो कोणाच्याही आवाजाशिवाय. अंड्याच्या टरफलांवरून चालणं या शब्दांत तिला कोणी कधी दटावलेलं नव्हतं, समजावलेलं नव्हतं. म्हणून तिला ते आपल्या घराला लावता आलं, आणि इंग्रजीतून एकदा सांगून झाल्यावर मराठीतही सांगता आलं. इंग्रजी थोर आणि मराठी तोकडी असं मी म्हणत नाही. इंग्लंडातल्या सुनेलाही तिच्या आईचं एखादं वाक्य पाठ असेलच, आणि तिला कदाचित आपली मराठी मोकळं करील. परकेपणाचाच हा गुण आहे.

नात्यांविषयी बोलताना दोन्ही भाषा जिथं एकमेकींना दुजोरा देतात तिथं मला सावध व्हावं लागतं. घरची मळकी धुणी चारचौघांत धुवू नयेत असं इंग्रजी म्हणते. आपणही म्हणतो, चव्हाट्यावर आणू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. हा वाक्प्रचार मी शिकवते, कारण तो कानावर पडणारच. पण शिकवताना शहाणपण म्हणून शिकवत नाही. मी वर्गाला विचारते, ही धुणी रोज धुतं कोण? बायका लगेच हसतात, पुरुष जरा वेळानं. मूठ झाकलेली राहावी अशी ज्यांची इच्छा असते त्यांच्या अंगावर त्या मुठीचे वळ नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी वर्गात लपवत नाही.

आपल्याकडे म्हणी आणि वाक्प्रचार जमवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. आल्फ्रेड मॅन्वेरिंग नावाच्या मिशनऱ्यानं 1899 साली मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह ऑक्सफर्डहून काढला. त्यानं म्हणी विषयवार लावल्या आणि शेती, जनावरं, अन्न, पैसा यांच्या जोडीला नात्यागोत्याचा एक वेगळा विभाग केला. 1910 मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं 'मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी' आलं. 'आनंद' मासिक काढून मुलांना वाचायला लावणारे ते हेच आपटे. 1942 पासून दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' निघाला. मी हा कोश पुष्कळदा नुसता चाळते. त्यात 'पोट' या शब्दाशी थांबलं की मराठी माणसाची नाती कुठं राहतात ते कळतं. पोटात माया असते, चूक पोटात घालतात, गुपित पोटात ठेवतात, लेक पोटची असते, ओठात एक आणि पोटात एक असलेला माणूस ओळखावा लागतो. इंग्रजीत हीच कामं बहुतेक काळजाकडे आणि हाताकडे दिलेली आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की त्यांना इंग्रजी परकं वाटत नाही, फक्त घरातली खोली बदलल्यासारखं वाटतं.

गलाईच्या घरातल्या पोराची गोष्ट सांगायलाच हवी. त्याचे वडील कोइमतूरकडे असतात. बारावी झाल्यावर तो त्यांच्या हाताखाली राहून आला आणि आता पुन्हा जायच्या आधी इंग्रजी सुधारतो आहे. पाठात 'हार्ट ऑफ गोल्ड' आलं. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये एक सैनिक वेश बदलून फिरणाऱ्या राजाला राजा म्हणून न ओळखता त्याच्याच तोंडावर राजाचं कौतुक याच शब्दांत करतो, असं मी सांगत होते. पोरगा अस्वस्थ होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, चोख सोन्याचा दागिना होत नाय."

मी त्याला फळ्यापाशी बोलावलं. मग अर्धा तास तोच शिकवत होता. जुना दागिना मुशीत घालून भट्टीवर आटवतात. सोनं शुद्ध करायचं असलं तर आधी त्यात चांदी मिसळावी लागते, सोन्याच्या साधारण तिप्पट. हे ऐकून वर्ग चकित झाला. शुद्ध करायला आधी भेसळ? तो म्हणाला, सोनं एकटं असलं की तेजाबाला दाद देत नाही, आत दडलेलं तांबं-चांदी सोडत नाही. चांदी भरपूर असली की तेजाब आतपर्यंत शिरतो, चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि खाली तपकिरी भुकटी उरते. तेच सोनं. ते धुवायचं, पुन्हा आटवायचं, मग पिवळं होतं. पण असं चोख सोनं इतकं मऊ की हातात घातलेली बांगडी वाकते. म्हणून पुन्हा तांबं-चांदी घालून बावीस कॅरेट करायचं, हजारात 916 भाग सोनं. तेव्हा ते अंगावर टिकतं.

मग त्यानं वाक्य लिहिलं. वडिलांवर लिहिलं. माझ्या वडिलांचं काळीज सोन्याचं आहे, पण बावीस कॅरेटचं. मी त्याला इंग्रजीत ते नीट बसवून दिलं आणि तांबं कुठलं असं विचारलं. तो म्हणाला, वडील फोनवर कधी 'कसा आहेस' विचारत नाहीत. पहिला प्रश्न, आज भाव काय निघाला. आजी गेली तेव्हा ते दोन रात्री आणि एक दिवस प्रवास करून आले, तेराव्याला पंगतीत स्वतः वाढत होते, कोणापुढे डोळे ओले केले नाहीत. परतीच्या गाडीत बसताना आजीचं नऊवारी लुगडं पिशवीत घालून घेऊन गेले. दुकानाच्या माळ्यावर, सोन्याच्या तिजोरीच्या वर ते घडी करून ठेवलेलं त्यानं पुढे पाहिलं. हे सगळं त्यानं मराठीतच सांगितलं. इंग्रजी वाक्प्रचारानं फक्त तो विषय काढून दिला होता.

पुरुषांच्या मायेची ही तऱ्हा आमच्याकडे घरोघरी आहे, म्हणून 'वेअर युअर हार्ट ऑन युअर स्लीव्ह' हा पाठ मी कधी गाळत नाही. मनातलं सगळं चेहऱ्यावर दिसू देणाऱ्या, मोकळ्या माणसाला हल्ली असं म्हणतात. लग्न ठरलेल्या एका मुलाला ते फार आवडलं. होणाऱ्या बायकोला तो हेच लिहून पाठवणार होता. मी म्हटलं, पाठव, पण हे पहिल्यांदा कोणाच्या तोंडी आलं ते ऐकून घे. 'ऑथेल्लो'मध्ये हे शब्द इयागो म्हणतो. हा इयागो धन्याच्या कानात विष ओतून त्याच्या हातून निरपराध बायकोचा जीव घ्यायला लावतो. त्याचं म्हणणं असं की पोटातलं बाहेर दिसू दिलं तर काळीज बाहीवर टांगल्यासारखं होईल, पाखरं येऊन टोचतील, म्हणून मी दिसतो तसा नाहीच. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांनी 1890 मध्ये हेच नाटक 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट काही पिढ्यांपूर्वीच ठाऊक झालेली आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो.

तो मुलगा विचारात पडला. म्हणाला, मग चांगला अर्थ कुठून आला? लोकांनी वापरून वापरून आणला. इयागोला ज्याची भीती वाटत होती तेच पुढच्या माणसांना हवंसं वाटलं. पाखरं टोचतील हे खरं असूनही काळीज बाहेर ठेवणारी माणसं असतात, आणि त्यांच्यामुळे घरं टिकतात. मला हा वाक्प्रचाराचा प्रवास फार मोठा वाटतो. कपटी माणसानं नाकारलेली गोष्ट साध्या माणसांनी उचलली आणि चांगुलपणाची खूण केली. मुलानं निरोप पाठवला. मुलीकडून उत्तर काय आलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो दुसऱ्या दिवशी वर्गात पेढे घेऊन आला होता.

सगळेच प्रसंग असे पेढ्यांवर संपत नाहीत. 'बरी द हॅचेट' म्हणजे वैर मिटवणं. शेतकऱ्याच्या एका मुलानं वाक्य लिहिलं, माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी अजून कुऱ्हाड पुरलेली नाही. मी वाक्य बरोबर म्हणून पुढे जाणार तोच त्यानं विचारलं, "पण मॅडम, कुऱ्हाड पुरायची कुठं? भांडण जमिनीवरनंच हाय की."

वर्गात एकदम शांतता पसरली. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात कुठंतरी एक बांध होता. बांध कोरणं म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. नांगराचं एक तास इकडे सरकतं, दर वर्षी वीतभर. मग मोजणी येते, सरकारी मोजणीदार खुणा करून जातो, खुणा रात्रीत उपटल्या जातात, तहसील होते, कोर्ट होतं. या मुलाच्या घरी दोन सख्खे भाऊ एकाच विहिरीवर पाळीपाळीनं मोटर लावतात. पाळी बदलली हे एकमेकांना सांगायला लहान पोरांना धाडतात. चुलतभावाच्या हळदीला हा गेला तर घरी आल्यावर दोन दिवस कोणी बोललं नाही. मराठीत याला 'बोलचाल बंद' म्हणतात आणि तेवढ्यात सगळं येतं.

मी त्यांना त्या कुऱ्हाडीची मूळ गोष्ट सांगितली. ती इंग्लंडची नाहीच. उत्तर अमेरिकेतल्या, आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या भागातल्या हौदेनोसौनी लोकांची आहे. फ्रेंच त्यांना इरोक्वा म्हणत. पाच टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींचे मुडदे पाडत होत्या. त्यांच्या परंपरेत सांगतात की शांती घेऊन आलेल्या पुरुषानं त्यांना एकत्र बसवलं. एक प्रचंड पांढरा पाइन वृक्ष मुळासकट उपटायला लावला आणि त्या खड्ड्यात सगळ्यांची शस्त्रं टाकायला सांगितली. खाली भूगर्भात पाणी वाहत होतं, त्यानं ती वाहून नेली. मग झाड पुन्हा तिथंच लावलं. त्या झाडाखाली बसून टोळ्यांनी राज्यकारभार एकत्र केला. सतराव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी तह करताना ही रीत पाहिली, तिचे शब्द उचलले आणि पुढे त्याच लोकांच्या जमिनी घेतल्या. हेही मी सांगते. वाक्प्रचार जपून ठेवला आणि ज्यांचा होता त्यांना हुसकलं, ही गोष्ट लपवून तो शिकवणं मला पटत नाही.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनी बी जमिनीतच पुरली. पण नुसती पुरली नाय, वर झाड लावलं." एवढं बोलून तो वहीत उतरवायला लागला. त्याच्या वडिलांचं आणि चुलत्याचं पुढे काय झालं असं मला कोणी कोणी विचारतात. काही झालेलं नाही. दावा चालू आहे. पण हा मुलगा आणि तो चुलतभाऊ आता उघड उघड एका गाडीवरून कॉलेजला जातात, हे मी स्वतः स्टँडवर पाहिलं आहे.

वर्गातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आक्का. त्या मला 'बाई' म्हणतात, मी त्यांना आक्का, आणि वर्गही आक्काच म्हणतो. लेक इंग्लंडात लेस्टरला, बाळंतपणासाठी त्यांना बोलावलेलं. आक्कांना बाजारहाटाचं इंग्रजी नको होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "तिथं नर्स घरी येती म्हणं बाळंतिणीला बघायला. ती माझ्या पोरीबद्दल काय बोलली ते मला कळाय पाहिजे." ब्रिटनमध्ये बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस मिडवाइफ घरी येऊन आईला आणि बाळाला पाहते, ही त्यांची माहिती अचूक होती. मी त्यांच्यासाठी वेगळी यादी केली. तब्येत नरम असली की 'अंडर द वेदर', सुधारत असली की 'ऑन द मेंड', हिंडती-फिरती झाली की 'बॅक ऑन हर फीट'. आक्का एकेक वाक्य दहादा घोटायच्या. त्यांचं पाठांतर पाहून मुलं लाजायची.

याच यादीत 'बेबी ब्लूज' होतं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास आईला कारण नसताना रडू येतं, चिडचिड होते, सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. त्याहून लांबलं, झोप उडाली, बाळाकडे बघवेना, तर मात्र डॉक्टरला सांगायलाच हवं. तो वेगळा आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. हे मी त्यांना सावकाश समजावलं. आक्का ऐकत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या थोरल्याच्या वेळंला मला असंच झालं हुतं, बाई," त्या म्हणाल्या. मग कितीतरी वेळ बोलत राहिल्या. शेक-शेगडीची खोली, कानाला बांधलेलं फडकं, बाजेखालचा धूर. पोरगा झाला म्हणून बाहेर पेढे वाटत होते आणि ह्या आत भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. सासू म्हणाली, पोरगा झालाय आणि रडती कशाला, दूध आटंल. नवरा दाराशी येऊन गेला, आत यायची रीत नव्हती. मग त्यांनी रडणं दाबलं, दूधही कमी झालं, आणि त्याचा दोष इतकी वर्षं त्यांनी स्वतःला दिला. थोरला लहानपणी सारखा आजारी पडायचा, तर तो माझ्या रडण्यानंच, असं त्या धरून चालल्या होत्या. हे त्यांनी ना लेकीला सांगितलं होतं, ना बहिणीला. त्यांच्या वेळच्या बोलीत त्याला नावच नव्हतं, होता तो फक्त दोष. परक्या मुलखातल्या बायकांनी त्या दुखण्याला इतकं हलकं, रोजच्या वापरातलं नाव दिलंय, ते नर्स दारात उभी राहून सहज विचारते, हे कळल्यावर आक्कांच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलं. भाषा शिकवणाऱ्याला याहून मोठं काही मिळत असेल असं मला वाटत नाही.

आक्का लेस्टरला पोचल्या. तिसऱ्या दिवशी लेकीनं बाळाला बाजूला ठेवलं आणि उशीत तोंड खुपसलं, तेव्हा आक्का तिच्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "हे ब्लूज हाईत, पोरी. मलाबी झाले हुते." मिडवाइफ आली तेव्हा तिलाही त्यांनी आपणहून सांगितलं. हा सगळा वृत्तांत त्यांनी मला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात मागे बाळ रडत होतं आणि लेक हसत होती.

सध्या वर्गात एका जवानाची बायको येते. नवरा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, पोस्टिंग लांबची. घरी दोन मुलं, गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई आणि थोडी शेती. तिला 'होल्ड द फोर्ट' शिकायचं होतं, कारण नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोनं तिला फोनवर ते म्हटलं होतं. घरचा माणूस बाहेर असताना त्याच्या मागे सगळं सांभाळणं, असा अर्थ. हे शब्द घरोघरी पोचले ते अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका प्रसंगावरून. 1864 मध्ये अ‍ॅलाटूना इथं वेढल्या गेलेल्या तुकडीला जनरल शर्मननं दूरच्या डोंगरावरून खुणांनी धीर दिला. पुढे 1870 च्या सुमारास फिलिप ब्लिस यानं त्यावर भजन रचलं आणि ते चर्चमध्ये, सभांमध्ये सगळीकडे गाजलं. गंमत अशी की अ‍ॅलाटूनाचा तो किल्लाही एका खिंडीवरच होता.

खिंड म्हटल्यावर वर्ग एकसाथ म्हणाला, पावनखिंड. आम्हाला विशाळगड फार लांब नाही. खिंड लढवणं हा आपला वाक्प्रचार 1660 च्या जुलैतल्या त्या लढाईपासूनचा. महाराज गडावर पोचेपर्यंत बाजीप्रभूंनी घोडखिंडीत शत्रूला अडवून धरलं. पोचल्याची तोफ कानी पडली आणि मगच प्राण सोडला, अशी आपल्या मनात ती कोरलेली आहे. कोणीतरी म्हणालं, मग वहिनी, तुम्ही खिंड लढवताय असंच लिहा की, आपलंच आहे ते.

तिनं मान हलवली. ती म्हणाली, "खिंडीत जो उभा राहतो त्याच्याकडं कोण परत येत नाही. तो दुसऱ्याला पुढं पोचवायला उभा असतो. किल्ल्याच्या गोष्टीत मदत येणार असती ना, मॅडम?" मी म्हटलं, हो, त्या भजनाचा सगळा धीर त्यावरच आहे, थांबा, मी येतोय. "मग मला किल्लाच पाहिजे," ती म्हणाली, आणि खाली मान घालून लिहायला लागली. नवऱ्याची रजा मार्चमध्ये मंजूर झालेली आहे. तिनं वही पुढे केली तेव्हा त्यात एकच ओळ होती, 'आय अ‍ॅम होल्डिंग द फोर्ट टिल मार्च.'